हेराल्डचा टप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळात मला कवी म्हणून ओळखणारे लोक थोडे आहेत. ‘तो हेराल्डवाला’ म्हणून ओळखणारे त्याहून बरेच जास्त. मराठीत चार कवितासंग्रह काढले, पण दत्त चौकात कुणी थांबवून कवितेबद्दल विचारलं असं फारसं झालं नाही. गाडीबद्दल मात्र रोज विचारतात. किती जुनी आहे? ॲव्हरेज काय देते? विकायची का? आणि हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ही स्पोर्ट्स कार आहे का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो. आजच्या भाषणात तेवढंच करणार आहे.

माझी गाडी १९६६ सालची, मद्रासला बनलेली, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. कागदोपत्री ती साधी कुटुंबवत्सल मोटार. पण मी घेतली तेव्हा तिला टप नव्हता. वरून उघडी, पुढं लांब नाक, मागं छोटे पंख. लहान मुलं तिला ‘सिनेमातली गाडी’ म्हणतात. ती अशी कशी झाली, हे समजून घ्यायला आधी विलायतेत जाऊन यावं लागेल.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला राजेरजवाडे आणि नटनट्या आठवतात. पण जगात या गाड्यांची एक गरीब शाखाही आहे. कारखान्यात आधीच तयार असलेल्या साध्या मोटारीचं इंजिन, चाकं, गिअर घ्यायचे, त्यावर हलकी, बुटकी, दोन माणसांपुरती बॉडी चढवायची, की झाली स्पोर्ट्स कार. ब्रिटनमधल्या एमजी कंपनीनं याच रीतीनं नाव कमावलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मुक्कामाला असलेल्या अमेरिकी सैनिकांना या गाड्यांनी वेड लावलं आणि युद्धानंतर त्या अमेरिकेत जाऊ लागल्या. नवी असताना कारकुनाला, शिक्षकाला न परवडणारी ही गाडी दहा वर्षांनी जुन्या बाजारात त्याच्या आवाक्यात येई. पुढं सुटीच्या दिवशी तो स्वतःच तिच्याखाली झोपून बोल्ट कसत बसे. जुनी, स्वस्त स्पोर्ट्स कार बाळगणं ही तिकडे मध्यमवर्गाची हौस झाली, ती अशी.

आमची हेराल्ड या कथेत १९५९ साली येते. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं ती त्या साली ब्रिटनमध्ये विकायला काढली. रूप दिलं होतं इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या रेखनकारानं. त्या काळात इतर मोटारी अखंड पत्र्याच्या, चेसिसविना बनू लागल्या होत्या. पण या कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला. अखंड बॉडी एका जागी करून देणारं कुणी उरलं नाही. मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चेसिस ठेवली आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून बोल्टांनी जोडले. पुढचं अख्खं बोनट मडगार्डांसकट उचललं जातं, इंजिन उघडं पडतं, मिस्त्री चाकावर बसून काम करू शकतो. आणि टपसुद्धा बोल्टांवर.

नाइलाजानं केलेल्या या रचनेचा एक फायदा झाला. एकाच चेसिसवर पाहिजे तसं रूप चढवता येऊ लागलं. १९६२ मध्ये कंपनीनं तीच चेसिस आखूड केली, दोन माणसांची बुटकी बॉडी चढवली, ११४७ सीसीच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर दिले आणि तिला महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं नाव दिलं, स्पिटफायर. तिचा नमुना पैशाअभावी कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून होता आणि कंपनी लेलँडच्या ताब्यात गेल्यावर नव्या साहेबांनी कापड उचलून पाहिलं, असं सांगतात. १९८० पर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर बनल्या. स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार कोणती, असं आजही इंग्लंडात विचारलं तर पहिल्या दोन-चार नावांत तिचं नाव येतं. म्हणजे आमची हेराल्ड ही स्पिटफायरची मोठी बहीण. धाकटी नाचायला गेली, मोठी संसारात राहिली.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून मोटारी जोडणाऱ्यांना इथं जागा नाही. बनवायच्या तर इथंच बनवा. १९५३ नंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारीपुरतं बोलायचं तर तीन घराणी उरली. कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड. ॲम्बेसेडर, फियाट आणि हेराल्ड. परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाला अशक्य. तिघींत तरुण दिसणारी एकच होती, १९६१ पासून मद्रासला बनू लागलेली हेराल्ड. इंजिन ९४८ सीसीचं, म्हणजे फार ताकदीचं नव्हे. पण बुटकी, चपळ आणि इतक्या कमी जागेत वळणारी, की जिथं ॲम्बेसेडरला मागं-पुढं करावं लागे तिथं ही एका दमात वळे.

त्या काळी नवी मोटार नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. किंमत सरकार ठरवी, पण मिळेल कधी हे कुणालाच ठाऊक नसे. परिणामी चांगल्या स्थितीतली जुनी मोटार नव्या मोटारीहून महाग विकली जाई. इंग्लंडातल्या शिक्षकाला दहा वर्षांनी स्वस्त मिळणारी गोष्ट इथं दहा वर्षांनीही स्वस्त होत नव्हती. म्हणून आपल्याकडे जुन्या गाड्यांची हौस जन्मली नाही, दुरुस्तीची विद्या जन्मली. गाडी टाकून देणं परवडत नव्हतं, तेव्हा ती मरू न देणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्याला तयार झाले.

मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथं पळायला खास गाड्या थोड्या, बहुतेक याच तीन घराण्यांतल्या. पत्रा कमी कर, सीट काढ, इंजिन बोअर कर, असं करून फियाट आणि हेराल्ड धावत. आणि ज्यांना शोलावरम कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं, असे गावोगावचे मिस्त्री हेराल्डच्या टपाचे बोल्ट काढून टाकत. आपल्या देशातली गरिबाची स्पोर्ट्स कार कुठल्या कारखान्यात बनली नाही, ती गॅरेजमध्ये अर्ध्या इंचाच्या पान्यानं बनली. माझं सांगणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

आमच्या यवतमाळला इंग्रजी यंत्रं नवी नव्हती. जिनिंगची यंत्रं होती, मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला होती. तिला ओढणारं मँचेस्टरचं, १९२१ सालचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. माझे वडील जिनात फिटर होते आणि धाकटे चाचा मोटारींचं गॅरेज चालवत. इंची पाने आमच्या घरात चमच्यांसारखे पडलेले असत.

चाचांच्या गॅरेजात कापसाच्या एका अडत्याची फिकट निळी हेराल्ड येत असे. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खासगी व्यापाऱ्यांचा धंदा आटला. तरी त्या घरानं गाडी विकली नव्हती. १९७९ साली थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला वरात उघड्या गाडीतून पाहिजे होती. चाचांनी एका दुपारी टप उतरवला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. बोल्ट एका डालडाच्या डब्यात जमा करायचं काम माझ्याकडे होतं. वरात निघाली, गाडीला झेंडूच्या माळा, पुढं बँड. टप परत बसवायला मात्र ती गाडी कधी आली नाही. दोन-तीन वर्षांनी कळलं, की गोदामात विटांवर उभी आहे.

वीस-बावीस वर्षं ती तशीच उभी होती. २००३ मध्ये गोदाम विकायला निघालं तेव्हा भंगारवाला आत शिरायच्या आधी चाचांनी निरोप पाठवला. मी कारकुनी करत होतो. अठरा हजारांना सौदा झाला. बायकोनं विचारलं, “यात घराला रंग झाला नसता का?” झाला असता. आजही तो झालेला नाही.

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना चाचांनी मला दिलेला सल्ला सांगतो. ते घरी उर्दू बोलत आणि गॅरेजात वऱ्हाडी. म्हणाले, “बेटा, रंग पाहू नोको. खाली झोप अन् चेसिस पाह्य.” हेराल्डची चेसिस जिथं बॉडीला आधार देते, तिथले आडवे हात आधी गंजतात. वरून चकचकीत दिसणारी गाडी खाली चाळणी झालेली असते. दुसरं, कागद. पुस्तकातला चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर. इंजिन तिसऱ्या क्रमांकावर. इंजिन बांधता येतं, हरवलेलं पुस्तक सहज मिळत नाही.

अठरा हजारांची गाडी रस्त्यावर यायला दोन वर्षं आणि साठ हजार रुपये लागले. आणि रस्त्यावर आल्यावर तिसऱ्याच महिन्यात ती मला मारणार होती.

झालं असं. चाचा आजारी होते, म्हणून दुसऱ्या एका गावातल्या गॅरेजात सर्व्हिसिंग करून घेतलं. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ब्राँझच्या एका तुकड्यात आट्यांनी बसवलेला असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. चाक वळतं तेव्हा दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस भरलं तर ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, दांडा गंजतो आणि एक दिवस तुटतो. त्या गॅरेजानं इतर गाड्यांप्रमाणे दाबून ग्रीस भरलं. आधीच्या वीस वर्षांचा गंज होताच. पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका वळणाआधी खाडकन आवाज झाला, डावं चाक आडवं पडलं आणि गाडी नाक घासत थांबली. शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा होता. वेग कमी होता म्हणून आज हे सांगतोय. बुटकी आणि उघडी गाडी चालवताना साधी गाडीही वेगवान वाटते, हीच तिची मजा आणि हाच तिचा धोका.

या गाडीला आणखी एक खोड आहे. तिच्या मागच्या बाजूला आडवा पाटा आहे आणि दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. सरळ रस्त्यावर त्यामुळे बसायला आरामशीर. पण जोरात वळताना घाबरून एकदम पाय उचलला, तर बाहेरचं चाक आत दुमडल्यासारखं होतं आणि मागची बाजू घसरते. स्टँडर्डनं १९७१ मध्ये गॅझेल काढली तेव्हा ही व्यवस्था बदलून साधा अखंड अॅक्सल दिला. चाचांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी उलटलेल्या गाड्या सरळ केल्या होत्या.

मी बी. ए. झालो ते मराठी घेऊन. पण भाषेचा दुसरा वर्ग माझा गॅरेजात झाला. गाडी ‘मिसिंग मारते’, ‘उचलत नाही’, ‘धाप टाकते’. डिस्ट्रिब्युटरला सगळे ‘डेल्को’ म्हणतात, ते एका अमेरिकी कंपनीचं नाव आहे हे कुणाला ठाऊक नसतं. इंग्रजी वस्तू, उर्दूतून आलेला उस्ताद, वऱ्हाडी क्रियापद. मुसलमान असून मराठीत कसं लिहिता, असं मला विचारणाऱ्यांना मी एकदा गॅरेजात घेऊन जातो. तिथं कुणी कुठल्या भाषेत बोलतोय हे कळायच्या आत काम झालेलं असतं.

आपल्या देशात खरी स्पोर्ट्स कार बनवायचे प्रयत्न पुढं झाले. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, फायबरच्या बॉडीची, उघडी गाडी बनू लागली. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. तीच जुनी रीत, साध्या मोटारीचं इंजिन आणि हलकी बॉडी. अलिबागला चिंकारा रोडस्टर बनली. दोन्ही फार थोड्या विकल्या गेल्या. आता जुन्या बाजारात क्वचित एखादी दिसते आणि फायबरला गेलेले तडे पाहून गिऱ्हाईक परत फिरतं. स्टँडर्ड कंपनी तर त्याआधीच संपली होती. १९८५ मध्ये काढलेली महागडी स्टँडर्ड २००० चालली नाही आणि १९८८ च्या सुमारास मद्रासचा कारखाना बंद पडला.

मग माझ्या गाडीचे भाग येतात कुठून? काही लेथवर होतात. रबरं फियाटची, ॲम्बेसेडरची कापून बसतात. आणि बाकीचे येतात इंग्लंडातून, कारण तिथल्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी आपल्या स्पिटफायर अजून जपल्या आहेत आणि त्यांच्यासाठी तिथं आजही नवे ट्रनियन बनतात. धाकट्या बहिणीच्या हौसेवर मोठीचा श्वास चालू आहे.

काळ मात्र बदलला. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं, ते चांगलंच झालं. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना त्या शिशाची सवय होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं जुन्या रबरी नळ्या सुजतात. दर वर्षी नळ्या बदलतो. नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तिची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आणखी वाढली.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपुढची गाडी, मूळ रूपात असलेली, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर. नवीन नोंदणीची फी वीस हजार. अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. म्हणजे मान मिळतो, रस्ता जातो. मी तो मान घेतला नाही. भाजी आणायला न जाणारी गाडी मला नको होती.

पण २०२३ मध्ये फेरनोंदणीला गेलो तेव्हा निरीक्षकांनी आधी पुस्तक पाहिलं, मग गाडी. पुस्तकात बंद गाडी, समोर उघडी. त्यांनी शांतपणे विचारलं, “टप कुठं आहे?” आधीच्या खेपांना मी कॅनव्हासचा हूड चढवून नेत असे. चूक माझीच होती. नोंदणीपुस्तकात आहे त्याहून गाडीचं रूप वेगळं करता येत नाही, असं १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्याची बातमी आली. हेराल्डचीही वेळ आली, असं मी घरी बोलून गेलो.

मुलगा म्हणाला, “दादाजानना विचारलं का?”

चाचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं, गॅरेज कधीच बंद झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. बकऱ्यांच्या गोठ्यावर, चव्वेचाळीस वर्षं, डांबर फासलेला हेराल्डचा टप होता. लहानपणापासून मी त्या गोठ्यात शेकडो वेळा वाकून शिरलो असेन. वर काय आहे, हे कधी पाहिलं नव्हतं.

डांबर खरवडायला चार दिवस लागले. एका डेंटरनं कडा सरळ केल्या. मागची काच नव्यानं कापून घेतली. आणि डालडाचा डबा चाचांच्या पेटीत निघाला, आत ते बोल्ट. दोन कमी होते. ते बहुधा नऊ वर्षांच्या मुलानं हरवले असावेत.

बसवताना मला वाईट वाटत होतं. मिस्त्रीच्या हातानं जी गाडी स्पोर्ट्स कार झाली होती, ती मी कागदासाठी पुन्हा संसारी करत होतो. चाचांना तसं काही वाटत नव्हतं. ते खुर्चीवर बसून प्रत्येक बोल्ट बोटांनी चाचपत होते. मी कसायला लागलो तर थांबवलं. म्हणाले, “आटे कोरडे नको ठेवू. ग्रीस लाव.”

मी म्हटलं, “चाचा, ग्रीसनंच तर त्या वेळी चाक तुटलं.”

“थे ट्रनियन होतं. तिथं तेल. इथं ग्रीसच पायजे,” ते म्हणाले. “उद्या तुह्या पोराले काढावंसं वाटलं, तर निघाला पायजे नं.”